शाळेचा कोविड निधी: आधी गिऱ्हाईक, मग नोकर

मिक्सरचा, हॉटेलचा, गाडीचा रिव्ह्यू सगळेच लिहितात. मी सरकारी पैशाचा लिहितेय. मार्च २०२० ते जून २०२४ या काळात इथे अमेरिकेत आमच्या गावच्या पब्लिक स्कूलने, म्हणजे सरकारी शाळेने, केंद्राच्या कोविड मदतीतून जे जे दिलं, ते आमच्या घराने वापरलं. आणि त्यातली शेवटची तीन शाळावर्षं मी स्वतः त्याच पैशातून पगार घेतला. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभी राहिले. डिस्ट्रिक्टचं, म्हणजे गावच्या शाळा चालवणाऱ्या संस्थेचं, नाव लिहीत नाही, कारण ज्या बायकांबरोबर काम केलं त्यांतल्या काही अजून तिथे आहेत. एकूण गुण पाचपैकी साडेतीन. हे साडेतीन कुठून आले ते पुढे कळेलच.

मी एका मोठ्या हॉटेलच्या बँक्वेट विभागात हिशेब बघायचे. लग्नं, कॉन्फरन्स, डेंटिस्ट लोकांचे मेळावे. सोमवार, १६ मार्च २०२०. मॅनेजरबाईंचा फोन आला आणि तीन मिनिटांत आठ वर्षांची नोकरी संपली. बिचाऱ्या रडत होत्या, म्हणून मीच त्यांची समजूत काढली. एप्रिलचे आकडे आले तेव्हा कळलं की रांग केवढी मोठी आहे: त्या एका महिन्यात देशभरात दोन कोटींहून जास्त नोकऱ्या गेल्या, त्यांतल्या ७७ लाख हॉटेल, रेस्टॉरंट आणि करमणुकीच्या धंद्यातल्या. फेब्रुवारीत साडेतीन टक्के असलेला बेरोजगारीचा दर १४.७ वर गेला.

बेरोजगार भत्त्याचा अर्ज भरला आणि तो सात आठवडे ‘पेंडिंग’ राहिला. फोन लावला की एंगेज. नवरा सकाळी आठला एका फोनवरून आणि मी दुसऱ्यावरून, अशी तत्काळ तिकिटासारखी झुंबड. त्याच सुमारास न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल ही जुनी संगणकभाषा येणारे स्वयंसेवक हवेत म्हणून जाहीर आवाहन केलं, कारण त्यांची संगणक यंत्रणा चाळीस वर्षांहून जुनी होती. आमचे हे वाय-टू-केच्या लाटेत कोबोल शिकून इथे आलेले. बातमी ऐकून कॉलर ताठ करून म्हणाले, “बघ, अजून मार्केट आहे आपल्याला.” भत्ता अखेर आला, मागच्या आठवड्यांसकट आला, आणि वर केंद्राचे आठवड्याला ६०० डॉलर. जुलै संपता संपता ते ६०० बंद झाले. पण तोवर घराचा हप्ता चुकला नाही, हे कबूल करायला हवं.

आता शाळेकडे वळते. पहिली सेवा होती जेवणाची, आणि तिला मी पैकीच्या पैकी देते. शाळा बंद झाल्यावर आठवडाभरात पार्किंगमध्ये टेबलं लागली. गाडीतून उतरायचं नाही, डिकी उघडायची, कुणीतरी कागदी पिशवी ठेवायचं: पाच नाश्ते, पाच जेवणं, दुधाच्या छोट्या पुठ्ठ्याच्या डब्या. उत्पन्नाचा दाखला नाही, फॉर्म नाही. केंद्राच्या कृषी खात्याने नियम शिथिल केले होते, त्यामुळे मूल गाडीत नसलं तरी चालायचं. आम्ही शाकाहारी, त्यामुळे निम्म्या पिशवीचं काय करायचं हा प्रश्न असे. शेजारच्या घरी चिकन जायचं आणि तिकडून सफरचंदं यायची. पण दूध! दहा डब्या आठवड्याला, एक टक्का फॅटवालं. मी त्याचं दही लावायचे. पातळ लागायचं, पण कढीला झकास. सगळ्यांना मोफत जेवणाची ही सोय जून २०२२ पर्यंत चालली. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, पुढे मुदत वाढवली नाही आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा उत्पन्नाचा फॉर्म दप्तरातून घरी आला. कॅलिफोर्निया, मेन अशा काही राज्यांनी स्वतःच्या खिशातून ती चालू ठेवली. आमच्या राज्याने नाही.

हा पैसा आला कुठून, ते सांगते, कारण इथे नव्याने आलेल्या मंडळींना वाटतं शाळा म्हणजे वॉशिंग्टनचा कारभार. अजिबात नाही. इथली शाळा चालते मुख्यतः घरपट्टीवर आणि राज्याच्या अनुदानावर. केंद्राचा वाटा एरवी रुपयात दहा पैसेसुद्धा नसतो. म्हणून तर घर घेताना आपण सगळे आधी शाळेचे आकडे बघतो: महाग घरं, भरपूर घरपट्टी, चांगली शाळा. कोविडमध्ये हा डोलारा दोन्हीकडून हलला. राज्यांना वाटलं विक्रीकर आटणार, म्हणून त्यांनी आधीच हात आखडते घेतले. आणि मुलं कमी झाली. देशभरात पब्लिक स्कूलच्या पटावरची साधारण १४ लाख मुलं एका वर्षात घटली, म्हणजे तीन टक्के. अनुदान बहुतेक ठिकाणी डोक्यावर मोजलं जातं. डोकी गेली की पैसे गेले, पण बस तेवढीच धावते आणि बॉयलरही तेवढाच पेटतो.

शाळेतल्या कंत्राटी आणि तासावरच्या माणसांवर पहिली कुऱ्हाड पडली ती २०२० च्या वसंतातच: मदतनीस, बदली शिक्षक, बसचालक, स्वयंपाकघरातल्या बायका. लाखोंच्या संख्येने. २००८ च्या मंदीनंतर शाळांमधल्या गेलेल्या नोकऱ्या वर्षानुवर्षं परत आल्या नव्हत्या, त्यामुळे या वेळी केंद्राने तीन हप्त्यांत पैसा सोडला. मार्च २०२० मध्ये सुमारे १३ अब्ज डॉलर, त्या डिसेंबरात ५४ अब्ज, आणि मार्च २०२१ मध्ये १२२ अब्ज. एकूण सुमारे १९० अब्ज. वाटप गरिबीच्या निकषावर होतं, त्यामुळे डेट्रॉइटसारख्या शहराच्या शाळांना सव्वा अब्जाहून जास्त मिळाले आणि श्रीमंत उपनगरांना चिल्लर. आमचं गाव मधलं. ना इकडचं ना तिकडचं.

तिसऱ्या हप्त्याला एक अट होती: किमान वीस टक्के रक्कम मुलांचा बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी खर्च करायची. माझी नोकरी त्या वीस टक्क्यांत होती.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये शाळेच्या वेबसाइटवर जाहिरात दिसली: गणित-वाचनाच्या छोट्या गटांसाठी पॅराप्रोफेशनल, सगळे ‘पॅरा’ म्हणतात. हॉटेलने तोवर मला परत बोलावलं होतं, पण आठवड्याला बारा तासांसाठी, आणि तेही शनिवार-रविवार. मी अर्ज केला. बोटांचे ठसे दिले. मग नियम निघाला की कॉलेजची दोन वर्षं पूर्ण झाल्याचा पुरावा हवा, नाहीतर परीक्षा द्या. माझं बी.कॉम. भारतातलं. त्याचं मूल्यमापन करून आणायचं तर पैसे आणि दोन महिने. म्हटलं परीक्षा देऊ. नव्वद प्रश्न, अडीच तास, वाचन-लेखन-गणित. शेजारच्या खुर्चीवर एकोणीस वर्षांचा मुलगा पेन्सिल चावत होता. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, “अगं, एवढे ताळेबंद लिहिलेस आणि आता अपूर्णांकांची परीक्षा देतेस?” दिली. पास झाले. अपूर्णांकाचा एक प्रश्न चुकला असावा अशी शंका मला अजून आहे.

आता या सेवेतली सगळ्यात वाईट गोष्ट. नेमणूकपत्रावर लिहिलं होतं: ताशी १७ डॉलर ४० सेंट, आठवड्याला २९ तास. एकोणतीस. तीस झाले की कायद्याने मी पूर्णवेळ धरली जाते आणि आरोग्य विम्याचा विषय येतो. हिशेब करणाऱ्याला हिशेब लगेच कळतो. रोज दुपारी २ वाजून १० मिनिटांनी मला सही करून बाहेर पडावं लागायचं, मुलं बसची वाट बघत अर्धा तास कॉरिडॉरमध्ये बसलेली असली तरी. नव्या मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, “जरा थांबाल का?” मी म्हटलं, “थांबते, पण तीस लिहून द्या.” ते हसले. मीही हसले. आणि २ वाजून १० मिनिटांनी निघाले.

उन्हाळ्यात पगार नाही. बेरोजगार भत्ताही नाही, कारण शाळेने ‘सप्टेंबरात परत घेऊ’ असं आश्वासन दिलेलं असतं आणि तेवढं पुरतं. हा नियम मला पहिल्या जूनमध्ये कळला. मिनेसोटाने २०२३ मध्ये तासावरच्या शालेय कर्मचाऱ्यांसाठी तो बदलला. बाकी बहुतेक ठिकाणच्या पॅरा उन्हाळ्यात दुकानात उभ्या असतात. मी दोन उन्हाळे आइस्क्रीमच्या दुकानात काढले. तिथे माझ्याच गटातली मुलं गिऱ्हाईक म्हणून यायची आणि लाजायची.

बरं, मुख्य माल कसा होता? शिकवणी. आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास, चारच मुलं, शाळेच्याच वेळात. ज्या टेबलाभोवती बसायचो त्याला इथे किडनी टेबल म्हणतात, मी काजू टेबल म्हणायचे: बाहेरच्या फुगीर कडेला मुलं, आतल्या खाचेत मी. प्रत्येकाच्या वहीपर्यंत माझा हात पोचायचा, आणि या साऱ्या खटाटोपातली करामत म्हणाल तर एवढीच होती. जागा नव्हती म्हणून टेबल ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, फोटोकॉपी मशीनच्या शेजारी. मशीन सुरू झालं की सगळे गप्प बसायचे, बंद झालं की पाढे पुढे.

चौथीतला एक मुलगा होता. दुसरीत असताना शाळा बंद झालेली, म्हणजे दुसरीचा शेवट आणि तिसरीचा बराच भाग त्याने बहिणीच्या शेजारी स्वयंपाकघरात, एकाच लॅपटॉपवर काढलेला. एक छेद आठ आणि एक छेद चार यांत मोठा कोणता, असं विचारलं की तो न बघता आठ म्हणायचा. आठ चारापेक्षा मोठा, विषय संपला. चित्रं काढून दाखवली. मान हलवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ. मग मी फोटोकॉपीचे रद्दी कागद लांब पट्ट्या करून कापले आणि त्याला घडी घालायला लावली. एक घडी, दोन तुकडे. आणखी एक, चार. आणखी एक, आठ. “आता एक तुकडा कापून खिशात ठेव. ही तुझी चॉकलेट.” त्याने आठातला तुकडा हातात धरला, चारातला धरला, एकावर एक ठेवून पाहिले. बराच वेळ काही बोलला नाही. मग आठाचा तुकडा माझ्याकडे सरकवला आणि चाराचा स्वतःच्या खिशात टाकला. तेवढ्यात मशीन सुरू झालं.

त्या पट्टीला अकरा दिवस लागले होते. अकरा दिवस कुणीतरी पगारी माणूस त्याच्यासमोर बसलं होतं.

२०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत चौथीचं गणित पाच गुणांनी आणि आठवीचं आठ गुणांनी खाली आलं. या चाचणीच्या इतिहासात गणितात एवढी घसरण कधी झाली नव्हती. वर्तमानपत्रांत तेव्हा ‘पैसे पाण्यात’ छापाचे लेख आले. मला ते वाचून राग यायचा, कारण चाचणी झाली तेव्हा तिसऱ्या हप्त्यातल्या आमच्यासारख्या नेमणुका होऊन जेमतेम काही महिने झाले होते. पुढे जून २०२४ मध्ये हार्वर्ड आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मांडलं की या पैशाने गणितात सुधारणा झाली, छोटी पण खरी. माझ्या टेबलापुरतं मी म्हणेन: छोटी, खरी, आणि एका वेळी चार जणांची.

आता गुण कापायला लावणारी आणखी एक गोष्ट. डिस्ट्रिक्टने त्याच निधीतून चोवीस तास ऑनलाइन शिकवणीचं ॲप घेतलं. कंपनीचं नाव नको. सहावी ते बारावीच्या प्रत्येक मुलाला लॉग इन. माझा मुलगा २०२३ मध्ये सहावीत गेला, तेव्हा त्यालाही मिळालं. एका रात्री साडेआठला गुणोत्तर अडलं म्हणून तो बसला. चॅटची खिडकी उघडली. त्याने लिहिलं, “मला प्रश्न ३ कळला नाही.” पलीकडून उत्तर: “छान! तुला प्रश्न ३ मध्ये काय कळलं नाही?” त्याने लिहिलं, “सगळं.” पलीकडून: “उत्तम सुरुवात!” मग चार मिनिटं तीन टिंबं नाचत राहिली. मुलगा उठला आणि केळं खायला गेला. परत आला तर सत्र संपलं होतं आणि पाच तारे द्या अशी विनंती आली होती. मी शेजारी भांडी पुसत हे बघत होते. कोण कुठे, किती पगारावर, एकाच वेळी किती मुलांना ‘उत्तम सुरुवात’ लिहीत होतं देव जाणे. त्या माणसावर माझा राग नाही. पण ज्या मुलाला सगळंच कळलं नाही, त्याला आधी प्रश्न विचारता यावा लागतो, आणि तेच तर त्याला येत नसतं.

हवा शुद्ध करणारी यंत्रं आली, चांगली होती, मिक्सरसारखा आवाज करायची. शिक्षिका ती धड्याच्या वेळी बंद करायच्या. क्रोमबुक, म्हणजे मुलांचे छोटे लॅपटॉप, टिकाऊ. बस कधी आली, कधी नाही. मॅसॅच्युसेट्सने सप्टेंबर २०२१ मध्ये मुलांची ने-आण करायला नॅशनल गार्डचे जवान तैनात केले होते, तेव्हा आम्ही एकटे नव्हतो.

ॲप का घेतलं, हे मला दुसऱ्या वर्षी बजेटच्या बैठकीत उमगलं. शाळा समितीच्या बैठकीला कुणीही जाऊ शकतं, आणि जावं. कॉफी वाईट असते पण कागद मिळतात. मी कागद घरी आणून पेन्सिलने रकाने लावले. निधीची शेवटची तारीख ठरलेली: ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत रक्कम कुठे ना कुठे बांधून टाकायची. माणूस नेमला की त्याचा पगार त्या तारखेनंतरही मागे लागतो, तो घरपट्टीतून द्यावा लागेल. त्या खर्चाला सगळे ‘क्लिफ’ म्हणायचे, कडा. कड्याची एवढी भीती की समितीतले सदस्य माणसांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढायचे आणि वस्तूंच्या नावापुढे बरोबरची खूण. लायसन्स एकदा विकत घेतलं की त्याला विमा लागत नाही, ते उन्हाळ्यात भत्ता मागत नाही, आणि २ वाजून १० मिनिटांनी उठून जात नाही. ज्या गोष्टीने फरक पडत होता तीच या पैशाने घेणं सगळ्यात धोक्याचं ठरलं होतं. समितीत कुणी वाईट माणूस नव्हता. तारीख वाईट होती.

बैठकीत जनतेतल्या कुणालाही बोलायला तीन मिनिटं मिळतात, त्यात मी उभी राहिले. हिशेबाची सवय, म्हणून आकडेच मांडले: ॲपच्या वर्षाच्या रकमेत काजू टेबलावरच्या किती पॅरा येतात (चार आणि थोडे सुटे), आणि ॲप महिन्यातून एकदा तरी किती मुलं वापरतात, ते कृपया सांगा. पहिल्या आकड्यावर माना हलल्या. दुसऱ्यावर “माहिती मागवून कळवू.” ती माहिती अजून आलेली नाही. तीन मिनिटांची घंटा मात्र वेळेवर वाजली.

तुमच्या गावातही हा पैसा आला असेलच, म्हणून एक सांगते. आता निधी संपलाय, पण कागद संपत नाहीत. जुन्या बैठकांची बजेटं डिस्ट्रिक्टच्या साइटवर असतात. ‘ग्रँट फंडेड’ असं लिहिलेल्या ओळी बघा, त्यातल्या कोणत्या आता साध्या बजेटमध्ये आल्या आणि कोणत्या गायब झाल्या. गायब झालेल्या ओळींमध्ये बहुतेक ताशी पगार दिसेल.

माझी ओळ मे २०२४ मध्ये गायब झाली. पत्र छापील होतं, खाली सही शाईची. आम्ही सहा जणी होतो, एकीला साध्या बजेटमध्ये घेतलं, पाच जणींना नाही. शेवटच्या दिवशी ग्रंथपालबाईंनी काजू टेबल ढकलून परत वर्गात नेलं. त्याच्या खालच्या बाजूला च्युइंगम चिकटवलेलं निघालं, चार रंगांचं. मी आता एका गोदामाच्या ऑफिसात बिलं करते, चाळीस तास, विम्यासकट. पगार हॉटेलपेक्षा थोडा जास्तच.

ॲपचं लायसन्स मात्र चालू आहे. मुदतीआधी पुढच्या वर्षाचेही पैसे भरून ठेवले होते. परवा मुलाच्या शाळेच्या ईमेलवर पत्र आलं: तू लॉग इन करून ४१ दिवस झाले, तुझी शिकवणी तुझी वाट बघतेय. त्याने ते मला दाखवलं आणि विचारलं, “आई, हे तूच लिहितेस का?”